गूगल डॉक्समधली मराठी यादी: आधी फाँट, मग ओळींमधली जागा, शेवटी रंग

घरच्या गणपतीच्या तयारीची, लग्नकार्याची किंवा सोसायटीच्या वार्षिक कामांची यादी आता बऱ्याच घरांत गूगल डॉक्समध्ये केली जाते, कारण वेगवेगळ्या गावांत राहणारी माणसे तीच यादी उघडून आपापल्या वाट्याच्या नोंदींवर खूण करू शकतात. मात्र यादी मराठीत असली की काही तक्रारी हमखास ऐकू येतात. दोन ओळी खेटून येतात आणि तिसरी उगाच लांब जाते, इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी शब्द बारीक दिसतात, खूण केलेली नोंद वाचताच येत नाही आणि कोणीतरी हौसेने केलेली रंगरंगोटी फोनवर डोळ्यांना खुपते. या बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे. डॉक्समधल्या आयत्या मांडणीचा फाँट, त्याचा आकार आणि ओळींमधले अंतर हे सगळे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले आहे, आणि आपण ते न बदलता त्यात देवनागरी लिहू लागतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फाँट, मग ओळींमधली जागा आणि रंग सर्वांत शेवटी. बरेच जण रंगापासून सुरुवात करतात, कारण रंग बदलणे सोपे असते आणि फरक लगेच दिसतो. पण फाँट बदलला की ओळींची उंची बदलते, उंची बदलली की पान बदलते, आणि मग आधी केलेले काम पुन्हा हाती घ्यावे लागते. पुढे दिलेली मेनूंची नावे इंग्रजी मांडणीतली आहेत, ती केवळ देवनागरीत लिहिली आहेत. कृती संगणकावरच्या ब्राउझरमध्ये करायच्या आहेत. फोनवरच्या ॲपमध्ये यांपैकी काही सोयी कमी आहेत, म्हणून मांडणी संगणकावर एकदाच करून घ्यावी आणि खुणा मात्र खुशाल फोनवरून कराव्यात.

गूगल कीप या टिपणांच्या ॲपमध्ये यादी ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की तिथे टिपणाच्या पार्श्वभूमीचा रंग बदलता येतो, पण फाँट किंवा ओळींमधले अंतर आपल्या हाती नसते. चार वस्तूंच्या बाजारयादीला कीप पुरेसे आहे. यादी वाढू लागली, तिच्यात विभाग पडू लागले, की टिपणाच्या मेनूतील ‘कॉपी टू गूगल डॉक्स’ हा पर्याय वापरून ती डॉक्समध्ये आणावी.

यादीची बैठक

नवे डॉक्युमेंट उघडल्यावर पहिला निर्णय पानाचा असतो. यादी फक्त पडद्यावरच वापरली जाणार असेल, तर ‘फाइल’ मेनूतील ‘पेज सेटअप’ उघडून ‘पेजलेस’ हा पर्याय निवडावा. मग पानांच्या सीमा नाहीशा होतात आणि मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे मांडला जातो, त्यामुळे फोनवर यादी वाचताना ती आडवी सरकवावी लागत नाही. यादी छापून फ्रिजवर किंवा देवघराच्या दारावर लावायची असेल, तर मात्र ‘पेजेस’ हाच पर्याय ठेवावा आणि कागद ए-४ आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.

चौकटी असलेली यादी सुरू करण्यासाठी वरच्या पट्टीतील चेकलिस्टच्या चिन्हावर टिचकी मारावी किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ९ या कळा एकत्र दाबाव्यात. उघडणारा आणि मिटणारा चौकोनी कंस सलग लिहून स्पेस दिली तरी चौकट उमटते. पण मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना त्या कळांवर ‘ड’ आणि नुक्ता असतो, त्यामुळे ही युक्ती चालत नाही आणि आधी इंग्रजी कळफलकावर जावे लागते. चेकलिस्टच्या चिन्हाशेजारच्या बाणावर टिचकी मारली, तर तिचे दोन प्रकार दिसतात. एका प्रकारात खूण केल्यावर नोंदीवर आडवी काट मारली जाते, दुसऱ्यात ती मारली जात नाही. मराठी यादीसाठी दुसरा प्रकार घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. देवनागरीत अक्षरांच्या माथ्यावर शिरोरेषा आधीच असते. तिच्याखाली, अक्षरांच्या मधोमध आणखी एक समांतर रेघ आली की ‘षोडशोपचार पूजेचे तबक’ यासारखी नोंद दोन रेघांमध्ये अडकते आणि ‘ष’, ‘प’, ‘ब’ यांतले फरक पुसट होतात. इंग्रजीत काट मारलेला शब्द त्या मानाने सहज वाचता येतो. खूण झालेली नोंदही पुन्हा वाचावी लागते, कारण ‘नारळ आणले का’ याबरोबरच ‘किती आणले’ हेही विचारले जातेच.

उपनोंद करायची असेल तर ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबावी. परत बाहेर येण्यासाठी शिफ्ट आणि टॅब. एखाद्या नोंदीखाली चौकटीविना टीप हवी असेल, उदाहरणार्थ ‘केवडा’ या नोंदीखाली ‘आदल्या दिवशी संध्याकाळीच घ्यावा’, तर शिफ्ट धरून एंटर दाबावे. नुसते एंटर दाबले की नवी चौकट येते, आणि त्या रिकाम्या चौकटी यादीभर विखुरलेल्या राहतात.

फाँट निवडताना

डॉक्सचा आयता फाँट अरियल आहे. अरियलमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. तरीही आपण टंकलेले मराठी दिसते, कारण तिथे नसलेली अक्षरे दुसऱ्या कुठल्यातरी फाँटमधून घेतली जातात. म्हणजे मेनूत नाव अरियलचे असते आणि डोळ्यांसमोर अक्षरे निराळ्याच फाँटची असतात. त्या दोघांचा आकार, जाडी आणि उंची एकमेकांशी जुळवलेली नसते. ‘मोदकांसाठी मोल्ड’च्या शेजारी एखादा रोमन लिपीतला शब्द किंवा मोबाइल क्रमांक आला की ही विजोडता लगेच दिसते. म्हणून देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या एकाच हाताने घडवलेला फाँट निवडणे हा पहिला उपाय आहे.

फाँटच्या यादीत सर्वांत वर ‘मोअर फाँट्स’ असे लिहिलेले असते. ते उघडल्यावर ‘स्क्रिप्ट्स’ या चौकटीत ‘देवनागरी’ निवडावे, म्हणजे फक्त देवनागरी अक्षरे असलेले फाँट समोर येतात. ज्या नावावर टिचकी माराल ते आपल्या नेहमीच्या यादीत जमा होते. या गर्दीत रोजच्या यादीसाठी मला ‘मुक्ता’ सर्वांत सोयीचा वाटतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तो घडवला आहे, त्याची रोमन अक्षरे देवनागरीशी मेळ खातात आणि त्याच्या अतिबारीक ते अतिठळक अशा सात जाड्या उपलब्ध आहेत. फाँटच्या नावाशेजारच्या लहान बाणातून या जाड्या निवडता येतात, त्यामुळे विभागाचे नाव ‘सेमीबोल्ड’मध्ये आणि नोंद ‘रेग्युलर’मध्ये ठेवणे शक्य होते. ‘हिंद’ हाही पडद्यावर स्वच्छ दिसणारा फाँट आहे आणि त्याच्या पाच जाड्या आहेत. ‘बालू’ गुबगुबीत आणि हसरा आहे; मुलांच्या वाढदिवसाच्या यादीला तो शोभतो, पण साठ-सत्तर नोंदी त्यात वाचताना कंटाळा येतो. ‘मोदक’ या नावाच्या फाँटचा मोह गणपतीच्या यादीसाठी होणे साहजिक आहे; तो इतका जाड आहे की त्याच्यात फक्त शीर्षकच लिहावे, तेही मोठ्या आकारात.

छापील पुस्तकासारखे वळण हवे असेल, तर ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहावा. टिरोचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँट आहेत आणि मराठीच्या फाँटमध्ये ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमालेबाबत काढलेल्या निर्णयातही देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ यांचा आग्रह आहे. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या याद्या करणाऱ्यांना ही बाब उपयोगी पडेल. मात्र टिरोला ठळक जाडी नाही. त्यातली अक्षरे ठळक केली, तर मूळ रेषा कृत्रिमरीत्या फुगवली जाते आणि जोडाक्षरांतली पोकळी बुजू लागते. त्यामुळे टिरो वापरल्यास शीर्षक ठळक करण्याऐवजी आकाराने मोठे करावे. तिरप्या अक्षरांबाबतही सावध राहावे, कारण बहुतेक देवनागरी फाँटांना स्वतंत्र तिरपे रूप नसते आणि तिरके बटण दाबले की सरळ अक्षरेच नुसती कलंडवली जातात. अधोरेखनही यादीत नको. रेघ उकारांना छेदून जाते आणि ‘गूळ’ व ‘गुळ’ यांतला फरक तिच्यात हरवतो.

कोणताही फाँट कायम करण्यापूर्वी त्यात एक चाचणीची ओळ लिहून पाहावी. ती साधारण अशी असावी: ‘दूर्वा, मूर्ती, कुंकू, शमी, लवंग, कोऱ्या वाती, ॲल्युमिनियमचे पातेले, द्राक्षे’. या ओळीत वर रफार आणि खाली उकार एकाच शब्दात आहेत, ‘श’ आणि ‘ल’ आहेत, ‘कोऱ्या’तला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ आहे आणि ‘ॲ’ आहे. काही जुन्या फाँटांमध्ये ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट किंवा ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. तसे दिसले तर तो फाँट तिथेच सोडून द्यावा. याउलट, जुन्या फाइलीतून आणलेला मजकूर सगळाच निरर्थक चिन्हांसारखा दिसत असेल, तर तो श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या, युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत येण्यापूर्वीच्या पद्धतीतला असण्याची शक्यता आहे. तिथे फाँट बदलून उपयोग होत नाही, तो मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो.

आकाराबद्दल थोडक्यात. डॉक्सचा आयता आकार ११ आहे आणि फोनवर वाचायच्या मराठी यादीला तो लहान पडतो. देवनागरीत एकाच ओळीत मात्रा, अक्षर आणि उकार असे तीन मजले बसवायचे असल्याने मधले अक्षर त्या मानाने लहान राहते. १३ किंवा १४ हा आकार ठेवावा. घरातल्या एखाद्या आजींना तरीही अक्षरे लहान वाटत असतील, तर त्यांच्यासाठी सर्वांची यादी मोठी करू नये; त्यांच्या संगणकावर ‘झूम’ १२५ टक्के करून द्यावे. फाँटचा आकार बदलला की तो सर्वांसाठी बदलतो, झूम मात्र ज्याचा त्याच्यापुरता असतो.

ओळींमधली जागा

इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. ‘फॉरमॅट’ मेनूतील ‘लाइन अँड पॅराग्राफ स्पेसिंग’मध्ये सिंगल, १.१५, १.५ आणि डबल असे पर्याय दिसतात. हे आकडे म्हणजे ठरावीक अंतर नव्हे. प्रत्येक फाँट घडवताना त्याच्या ओळीची मूळ उंची ठरवलेली असते आणि डॉक्स त्या उंचीला या आकड्याने गुणते. अरियलच्या ओळीची मूळ उंची अक्षराच्या आकाराच्या साधारण १.१५ पट आहे. मुक्ताची साधारण १.६६ पट आहे, कारण रफार, अनुस्वार आणि उकार यांसाठी लागणारी जागा त्यात आधीच धरलेली आहे. त्यामुळे १४ आकारात आणि १.१५ या एकाच अंतरावर अरियलच्या ओळी सुमारे साडेअठरा पॉइंटांवर (पॉइंट हे अक्षरांचा आकार मोजण्याचे माप) पडतात, तर मुक्ताच्या सुमारे पावणेसत्तावीस पॉइंटांवर. एकाच यादीत काही ओळी अरियलमध्ये आणि काही मुक्तात असल्या की त्या कमीजास्त अंतरावर का दिसतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे. अशा वेळी लोक अंतराचा आकडा कमीजास्त करत बसतात, पण खरी गरज सगळी यादी निवडून तिला एकच फाँट देण्याची असते.

याचाच दुसरा अर्थ असा, की ‘मराठीला अंतर जास्त लागते, तेव्हा १.५ ठेवा’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला आंधळेपणाने पाळू नये. मुक्ता किंवा हिंद घेतल्यास सिंगल, म्हणजे १, पुरेसे होते. १.५ केल्यास ओळी इतक्या दूर जातात की दोन ओळींची एक नोंद दोन वेगळ्या नोंदींसारखी भासते. दुसऱ्या टोकाला, यादी एका पानात बसवण्यासाठी कोणी अंतर ०.८ वर आणले, तर वरच्या ओळीतल्या ‘कुंकू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘मूर्ती’च्या रफारावर येऊन टेकतो आणि वाचणाऱ्याला तिथे कुठलेतरी तिसरेच जोडाक्षर असल्याचा भास होतो. ‘दूर्वा’ आणि ‘मूर्ती’ या दोन नोंदी एकाखाली एक लिहून अंतर हळूहळू कमी करत गेल्यास आपल्या फाँटची खालची मर्यादा कुठे आहे, हे लगेच समजते.

नोंदीच्या आतले अंतर आणि दोन नोंदींमधले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरे अंतर पहिल्यापेक्षा ठळकपणे जास्त असले तरच यादी यादीसारखी दिसते. त्यासाठी सगळ्या नोंदी निवडून याच मेनूतील ‘कस्टम स्पेसिंग’ उघडावे. तिथे लाइन स्पेसिंगमध्ये १ लिहावे आणि पॅराग्राफ स्पेसिंगमधील ‘आफ्टर’ या चौकटीत ४ ते ६ पॉइंट लिहावेत. ‘बिफोर’ शून्यच ठेवावे. दोन्हीकडे आकडे टाकले की कोणती जागा कुठून आली याचा नंतर हिशोब लागत नाही. जागा सोडण्यासाठी रिकामे एंटर मारण्याची सवय मोडावी. चेकलिस्टमध्ये रिकाम्या ओळीवर पुन्हा एंटर दाबले की यादी तुटते आणि पुढच्या नोंदींना चौकटच उरत नाही.

छापायच्या यादीत हे आकडे मोजून ठेवता येतात. ए-४ कागदाची उंची सुमारे ८४२ पॉइंट असते. वरखाली एकेक इंच समास सोडला की सुमारे ६९८ उरतात. मुक्ता, आकार १२, अंतर १ आणि नोंदीनंतर ४ पॉइंट असे धरले, तर एक नोंद साधारण २४ पॉइंट घेते आणि पानावर २९ एकोळी नोंदी मावतात. यादी त्याहून लांब असेल, तर अक्षर बारीक करण्याऐवजी ‘फॉरमॅट’ मेनूतील ‘कॉलम्स’मधून दोन रकाने करावेत, कारण ‘जानवे’, ‘सुपारी’, ‘कापूर’, ‘अष्टगंध’ यांसारख्या नोंदींना पूर्ण रुंदी लागतच नाही. ही सोय पेजलेस मांडणीत मिळत नाही. विभागाचे नाव पानाच्या तळाशी एकटे आणि त्याच्या नोंदी पुढच्या पानावर, असे होऊ नये म्हणून त्या शीर्षकावर कर्सर ठेवून ओळींच्या अंतराच्याच मेनूतून ‘कीप विथ नेक्स्ट’ निवडावे.

चौकट आणि मजकूर यांच्यामधले किंवा डावीकडच्या समासापासूनचे अंतर बदलायचे असेल, तर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो रूलर’ चालू करून पट्टीवरचा निळा त्रिकोण आणि त्याच्यावरची लहान आडवी पट्टी सरकवावी. बहुतेक याद्यांना याची गरज पडत नाही.

एकदा ठरवलेले पुन्हा ठरवू नये म्हणून

इतके सगळे प्रत्येक यादीत नव्याने करणे कंटाळवाणे आहे. त्यासाठी स्टाइलची सोय आहे. वरच्या पट्टीत ‘नॉर्मल टेक्स्ट’ असे लिहिलेली जी चौकट असते, तिच्यात साधा मजकूर, शीर्षक, हेडिंग १, हेडिंग २ अशा पायऱ्या असतात. आधी चौकटीविना एक साधी ओळ मुक्ता, आकार १४, अंतर १, नोंदीनंतर ४ पॉइंट अशी सजवावी, ती निवडलेली असतानाच या चौकटीत ‘नॉर्मल टेक्स्ट’शेजारचा बाण उघडावा आणि ‘अपडेट नॉर्मल टेक्स्ट टू मॅच’ निवडावे. ‘पूजेचे साहित्य’, ‘स्वयंपाक’, ‘सजावट’ अशा विभागांच्या नावांसाठी हेडिंग २ याच रीतीने ठरवावे. त्याला वर १४ आणि खाली ४ पॉइंट जागा दिली की ते आपल्या नोंदींना चिकटून राहते आणि वरच्या विभागापासून वेगळे दिसते. शेवटी याच यादीच्या तळाशी असलेल्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह ॲज माय डीफॉल्ट स्टाइल्स’ निवडले, की पुढचे प्रत्येक नवे डॉक्युमेंट हीच मांडणी घेऊन उघडते. शीर्षकांचा आणखी एक फायदा म्हणजे डावीकडच्या आराखड्यात विभागांची नावे दिसतात आणि लांब यादीत हव्या त्या विभागावर थेट जाता येते.

ही शिस्त बिघडते ती मुख्यतः बाहेरून चिकटवलेल्या मजकुरामुळे. कोणी संकेतस्थळावरून पूजेच्या साहित्याची यादी उचलून आणली, की तिच्याबरोबर तिथला फाँट, आकार, रंग आणि कधीकधी पार्श्वभूमीसुद्धा येते. म्हणून चिकटवताना कंट्रोल आणि व्ही यांच्यासोबत शिफ्टही दाबावे; मग नुसता मजकूर येतो. आधीच बिघडलेल्या ओळी निवडून ‘फॉरमॅट’ मेनूतील ‘क्लिअर फॉरमॅटिंग’ वापरावे, त्या आपल्या ठरवलेल्या मूळ रूपात परत येतात. यादी अनेकांकडे असेल आणि कोणी काय बदलले हेच समजत नसेल, तर ‘फाइल’ मेनूतील ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन कालची मांडणी परत आणता येते, आणि तेही कोणाला न दुखावता.

रंग

रंगाला एकच काम द्यावे. रंग एक तर ‘हे काम कोणाचे’ हे सांगेल किंवा ‘हे काम किती निकडीचे’ हे सांगेल. दोन्ही सांगू लागला की लाल म्हणजे दादा की तातडी, असा प्रश्न उभा राहतो. तसेच फक्त रंगावर विसंबू नये. लाल-हिरव्यातला फरक न कळणे पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बरेच जास्त आढळते, कारण त्याचे कारण असलेली जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. त्यामुळे ज्याच्याकडे काम आहे त्याच्या नावाचे आद्याक्षर नोंदीच्या शेवटी लिहावे आणि रंग त्याच्या जोडीला ठेवावा.

अक्षरांचा रंग बदलण्यासाठी वरच्या पट्टीतील अधोरेखित ‘ए’चे चिन्ह असते आणि पार्श्वभूमीसाठी शेजारचे पेनाचे. रंगफलकाच्या तळाशी असलेल्या ‘कस्टम’मध्ये अधिकच्या चिन्हावर टिचकी मारली, तर रंगाचा सहा अंकी संकेत लिहिता येतो. त्यातले पहिले दोन अंक लाल रंगाचे, मधले दोन हिरव्याचे आणि शेवटचे दोन निळ्याचे प्रमाण सांगतात. हा संकेत इंग्रजी अंकांतच टंकावा लागतो. ९९०००० हा गडद लाल, ००६६०० हा गडद हिरवा आणि ००००९९ हा गडद निळा; हे तिन्ही पांढऱ्यावर ठसठशीत दिसतात आणि एकमेकांपासून वेगळेही ओळखू येतात. तीनपेक्षा जास्त रंगांची यादी मी तरी आजवर कोणाला नीट वाचताना पाहिलेली नाही.

वाचनीयता केवळ अंदाजाने ठरवावी लागत नाही. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे असे म्हटले आहे. १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अथवा १४ पॉइंटांच्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालते. पांढऱ्यावर ९९९९९९ हा करडा रंग सुमारे २.८५ ला १ इतकाच भरतो, म्हणजे तो नापास होतो. ७६७६७६ जेमतेम पास होतो. ६६६६६६ पावणेसहाच्या जवळ जातो. देवनागरीची बारीक जाडी वापरत असाल, तर काठावर पास होणाऱ्या रंगावर समाधान मानू नये, कारण शिरोरेषा टिकते पण मात्रांच्या टोकांची बारीक रेघ फिकी पडते. दुय्यम टिपांसाठी ६६६६६६ आणि मुख्य नोंदींसाठी ३३३३३३ किंवा काळा ठेवावा. पिवळा रंग अक्षरांना कधीच देऊ नये, कारण शुद्ध पिवळ्या अक्षरांचे पांढऱ्याशी गुणोत्तर १.०७ ला १ इतके असते, म्हणजे ती जवळपास अदृश्य असतात. तोच पिवळा पार्श्वभूमीला दिला आणि अक्षरे काळी ठेवली, तर हे गुणोत्तर साडेएकोणिसाच्या वर जाते. निकड दाखवायला हीच जोडी उत्तम आहे, मात्र ती चार-पाच नोंदींपुरतीच वापरावी.

संपूर्ण पानाचा रंग ‘पेज सेटअप’मध्ये बदलता येतो. पांढरा झगझगतो असे वाटत असेल, तर फिकट मळकट पांढऱ्याकडे झुकणारा रंग घ्यावा. गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे अशी मांडणी सामायिक यादीत करू नये. कोणाच्या फोनवर गडद थीम असेल, तर डॉक्सचे ॲप रंग आपल्या परीने बदलून दाखवते आणि आपण निवडलेल्या छटा तिथे तशाच दिसतील याची खात्री नसते. यादी इतरांना पाठवण्याआधी ती एकदा फोनवर उजळ आणि गडद अशा दोन्ही थीममध्ये उघडून पाहावी.

पाठवणे, छापणे, पुढच्या वर्षीसाठी ठेवणे

छापील प्रत हवी असेल तर पान पांढरेच ठेवावे आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग करड्याच्या जवळजवळ सारख्या छटांत उतरतात हे गृहीत धरावे; इथे आद्याक्षरे कामी येतात. यादी वर्डच्या स्वरूपात उतरवून कोणाला दिली, तर मुक्ता त्यांच्या संगणकावर असेलच असे नाही, आणि नसेल तर वर्ड दुसरा फाँट घालून सगळी अंतरे बदलून टाकते. मुक्ता मुक्त परवान्याखाली असल्याने गूगल फाँट्सवरून तो विनामूल्य उतरवून बसवता येतो. तेवढी खटपट नको असेल, तर पीडीएफ द्यावी, तिच्यात फाँट सोबतच जातो.

दरवर्षी लागणाऱ्या यादीची एक कोरी प्रत वेगळी ठेवावी आणि तिच्यावर कधीच खुणा करू नयेत. श्रावणात ती उघडून ‘फाइल’ मेनूतील ‘मेक अ कॉपी’ने नवी प्रत काढावी, तिला वर्षाचे नाव द्यावे आणि तीच सर्वांना संपादनाच्या अधिकारासह पाठवावी, कारण तो अधिकार नसेल तर चौकटीवर खूण करता येत नाही. कोऱ्या प्रतीचा अधिकार मात्र एकाच माणसाकडे असावा. यंदा कमी पडलेली फुलवातींची जुडी किंवा जास्त झालेली खसखस यांची दुरुस्ती त्याने विसर्जनानंतर आठवडाभरात त्या कोऱ्या प्रतीत करून ठेवावी.